शेवंतीवरचे दिवे

१

वडगाव रासाईच्या तात्याबा शेलारांच्या शेतातून पत्र्याची एक पेटी नाहीशी झाली होती, आणि त्या पेटीपायी तात्याबांवर ब्याण्णव माणसं मारल्याचा आळ आला होता.

पेटी टायमरची. शेवंती लावणाऱ्याला ती वेगळी सांगावी लागत नाही. दिवस लहान झाला की शेवंती कळी धरते, आणि झाड पुरतं वाढायच्या आत कळी धरली तर फूल बटणाएवढंच राहतं. म्हणून वाफ्यांवर तारा ओढून पिवळे दिवे टांगायचे, रात्री काही तास जाळायचे आणि झाडाला दिवस अजून मोठाच आहे असं खुशाल फसवायचं. दिवे कधी लागायचे आणि कधी विझायचे ते टायमर ठरवतो.

नऊ जानेवारीला पहाटे पाच चाळीसला, दाट धुक्यात, पुण्याला उतरायला निघालेलं प्रवासी विमान भीमेकाठी तात्याबांच्या बांधाला लागून हनुमंत गवारींच्या उसात कोसळलं. वाचलं कुणी नाही. सहा वाजून पाच मिनिटांनी पहिला पोलीस पोचला. त्यानं मोबाइलवर काढलेल्या चित्रणात तात्याबांच्या प्लॉटवरचे दिवे ओळीनं जळताना स्वच्छ दिसत होते. तात्याबांनी मात्र जबाब दिला की शेताला वीज देणारी डीपी चार दिवसांपासून जळालेली होती, दिवे लागलेच नाहीत.

वीज उपकेंद्रातल्या नोंदीप्रमाणे डीपी खरोखरच जळालेली होती. चित्रणातले दिवेही खरेच होते. पोलीस टायमर बघायला गेले तर खांबावर चार खिळे आणि मध्ये एक स्वच्छ चौकोन, बाकी काही नाही. मग विमान कंपनीचं म्हणणं आपोआप उभं राहिलं: तात्याबांनी गावठाणाच्या तारेवर आकडा टाकून चोरलेल्या विजेवर रात्रभर दिवे जाळले, वैमानिकाला ती धावपट्टी वाटली, आणि अंगाशी आल्यावर पेटी लपवली. येत्या गुरुवारी शिरूरच्या तहसील कचेरीत चौकशी समिती जबाब घेणार होती. त्यानंतर तात्याबांना अटक होणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

वैमानिक होता कॅप्टन रिजवान मुलाणी, मूळचा दौंडचा. आणि सोमवारी सकाळी त्याचे वडील स्वतःच तपासाला निघाले.

२

अकबर मुलाणी रेल्वेतून लोको इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. अर्धी नोकरी इंजिन चालवण्यात गेली आणि अर्धी, इंजिन चालवणाऱ्यांना प्रश्न विचारण्यात. कुणी लाल सिग्नल ओलांडला, कुणी शेजारच्या लाइनीचा सिग्नल आपला समजून गाडी पुढे काढली, की दौंडच्या रनिंग रूममध्ये, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, अकबरमामा यायचे. ते आरडाओरडा करत नसत. समोर बसून चहा मागवत आणि पहिल्यापासून सांग म्हणत. ड्रायव्हर लोक म्हणायचे, मामांचा चहा पचत नाही.

रविवारी कंपनीच्या दीक्षा रणपिसे घरी आल्या होत्या. बाई वागायला चांगली होती. तिनं विमानातल्या शेवटच्या बोलण्याचा उतारा त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की रिजवानसरांचा दोष नाही, दिव्यांनी फसवलं, आणि तुमच्यासारखा चौकशीतला जुना माणूस समितीपुढे दोन शब्द बोलला तर फार बरं होईल.

उतारा चार ओळींचा होता. पाच छत्तीसला रिजवान म्हणतो, दिवे दिसले, खाली घेतोय. पाच अडतीसला सहवैमानिक म्हणतो, दिवे गेले सर, वर घ्यायचं का? रिजवान म्हणतो, थांब, दिसतील. पाच चाळीसला काहीच नाही.

बिबीजान, त्यांची बायको, आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. रिजवानला घरी आणलं तेव्हा त्याच्या अंगाभोवती एक गोधडी होती, लाल काठाची, मध्ये निळ्या फुलांच्या लुगड्याचे तुकडे लावलेली. कुणाची ते दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. बिबीजाननं ती धुतली, घडी करून कपाटात ठेवली आणि तेव्हापासून रोज एकदा कपाट उघडून बघत होती. दीक्षाबाई गेल्यावर तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं की पोराच्या नावावरचा डाग पुसून आणा.

अकबरमामांनाही तेच हवं होतं. पण नुसत्या चित्रणावर त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला दोषी धरलं नव्हतं. दिवे रात्रभर जळत होते याचा पक्का पुरावा आणायचा, असं ठरवून ते निघाले.

३

पहिले भेटले हनुमंत गवारी. त्यांचा दीड एकर ऊस जळाला होता आणि तात्याबांशी बांधावरून जुना वाद होता. मामांनी दोन्ही गोष्टी मनात टिपून ठेवल्या. हनुमंत म्हणाले, दिवे मी माझ्या डोळ्यांनी बघितले, पोलिसांना तसंच सांगितलंय.

मामांनी त्यांना पहिल्यापासून सांगायला लावलं. हनुमंत म्हणाले, घर हादरलं, मी उठलो, बाहेर आलो. बाहेर काय दिसलं? धूर आणि उसातला जाळ. दुसरं काय? दुसरं काही नाही, म्हाताऱ्या आईला रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं, मग ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडला आणि बांधावर आलो.

"आणि दिवे कुठून दिसले?"

"बांधावरनं."

"दारातनं तात्याबांचा प्लॉट दिसतो का?"

हनुमंत मागं वळून दाराकडे बघत राहिले. दारातून प्लॉट सरळ समोर दिसत होता, मध्ये एक झाडसुद्धा नव्हतं, आणि इतका जवळ की धुक्यातही दिवे लपले नसते. "दिसतो की," ते सावकाश म्हणाले. "पर तवा दिवं नव्हतं, मामा. टँकर घिऊन आलो तवा व्हते. मला हे कुनी इचारलंच न्हाई."

म्हणजे दिवे विमान पडल्यानंतर लागले होते, किंवा जुना वैरी आता दया येऊन बोलत होता. मामांना दुसरी शक्यता बरी वाटली. त्यांनी त्या सकाळचा एखादा फोटो आहे का म्हणून विचारलं. हनुमंतांनी मोबाइल पुढे केला. शेवंतीच्या वाफ्यांमधून माणसं ओळीनं निजवलेली होती, कुणावर चादर, कुणावर शेडनेट. अगदी पुढच्या माणसावर लाल काठाची गोधडी होती, आणि तिच्यावर निळ्या फुलांचे तुकडे होते.

मामांनी मोबाइल परत दिला नाही. तसाच हातात धरून ते तात्याबांच्या घराकडे चालू लागले.

४

तात्याबा सत्तरीचे, अंगानं वाळलेले. हा मेलेल्या वैमानिकाचा बाप, हे कळताच त्यांनी डोक्याची टोपी काढून हातात घेतली. त्यांचा मुलगा पप्पू विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधायचं काम करायचा. तो मामांच्या नजरेला नजर देईना. सून नकुशी चहा घेऊन आली. तिच्या उजव्या तळहातावर ताजी भाजल्याची खूण होती. मामांनी विचारलं तर म्हणाली, तव्याचं लागलं. रोज भाकरी थापणाऱ्या बाईचा अख्खा तळहात तव्यानं भाजत नाही हे मामांना कळत होतं.

तिघांनी तोच पाढा वाचला. डीपी जळालेली, दिवे लागलेच नाहीत, पेटी चोरीला गेली.

मामा उठून प्लॉटवर गेले. अर्धी शेवंती तुडवून गेली होती. उरलेल्या झाडांवर हरभऱ्याएवढ्या कळ्या धरल्या होत्या, काहींच्या टोकाला पिवळी रेघ फुटली होती. मामांचं आयुष्य रुळांवर गेलेलं, शेतीत त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण हनुमंतांच्या मोबाइलवर, त्या गोधडीच्या काठाशी, एका मोडलेल्या फांदीवर बारीक कळ्या दिसत होत्या. त्यांनी फोटो मोठा करून तात्याबांना दाखवला आणि विचारलं की ही कळी किती दिवसांची.

"मिऱ्याएवढी हाय," तात्याबा डोळे बारीक करून म्हणाले. "तीन आठवड्याच्या वरची. चोवीस-पंचवीस दिस झाले आसतील."

"कधीपासून मोजायचं?"

"बत्ती बंद केल्यापासनं की. पंधरा डिसेंबरला बंद केली म्या. शिवजयंतीला फूल पायजे व्हतं. बत्ती चालू असल तर कळी येतीय व्हय?"

मामा बांधावरच बसले. तात्याबांना ही गोष्ट इतकी साधी वाटत होती की ती पुरावा आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आदल्या रात्रीपर्यंत दिवे जळत असते तर त्या पहाटे फांदीवर नुसता पाला असता, आणि कळी धरल्यावर एका रात्रीपुरते दिवे लावायला काही कारणच नव्हतं. कंपनी खोटं बोलू शकली असती, हनुमंत चुकू शकले असते, तात्याबा तर खोटं बोलतच होते. पण शेवंतीला खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं.

मग रिजवानला पाच छत्तीसला दिसले ते दिवे कुणाचे होते?

५

हा प्रश्न टाळायचा असता तर मामांना दौंडची गाडी धरून घरी जाता आलं असतं. ते पाटसला गेले.

वाटेत त्यांनी उताऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. उतरणीला आलेलं विमान मिनिटाला साडेचार किलोमीटर जातं, हे रिजवाननंच कधीतरी सांगितलं होतं. दिवे दिसले पाच छत्तीसला, पडलं पाच चाळीसला. चार मिनिटं, अठरा किलोमीटर. विमान आग्नेयेकडून येत होतं. वडगाव रासाईपासून त्या दिशेला सरळ अठरा किलोमीटरवर बोट ठेवलं तर ते पाटसच्या आसपास पडत होतं. तिथून धुक्यातली तात्याबांची शेवंती दिसणं शक्यच नव्हतं.

साखर कारखान्याचा गाळप हंगाम जोरात होता. आवारात उसाच्या ट्रॅक्टरांच्या दोन लांब रांगा उभ्या होत्या, दोन्ही बाजूंनी दिव्यांचे खांब. मामांनी फाटकावरच्या माणसाला नऊ तारखेची पहाट विचारली. तो म्हणाला, इथं आकाश मोकळं होतं, धुकं नदीकडं होतं, विमान डोक्यावरून इतकं खालून गेलं की आम्ही हसलो, म्हटलं हे काय कारखान्यात उतरतंय की काय.

मामांना गेल्या ईदचा चहा आठवला. रिजवान खुर्चीवर उलटा बसून हसत सांगत होता, "अब्बा, गाळपाच्या दिवसांत वरून आपला पाटसचा कारखाना धावपट्टीसारखा दिसतो. नवीन पायलट एकदा तरी फसतो. मी सगळ्यांना सांगून ठेवतो."

सगळ्यांना सांगणारा स्वतःच फसला होता. फसण्याबद्दल मामांनी माफ केलं असतं, त्यांच्या हाताखालचे चांगले चांगले ड्रायव्हर शेजारचा सिग्नल आपला समजून फसलेले त्यांनी पाहिले होते. म्हणून तर इंजिनात एकानं सिग्नल मोठ्यानं बोलायचा आणि दुसऱ्यानं तो परत बोलायचा, अशी रीत आहे. रिजवानच्या शेजारच्या माणसानं ती रीत पाळली होती. दिवे गेले सर, वर घ्यायचं का, असं त्यानं विचारलं होतं. दिसेनासं झालं की थांबायचं, हे मामांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं. त्यांचा स्वतःचा पोरगा दोन मिनिटं धुक्यात खाली येत राहिला होता.

कारखान्याच्या फाटकाजवळ, ट्रॅक्टरवाल्यांच्या देखत, अकबर मुलाणी रडले. बारा दिवसांत पहिल्यांदाच रडले.

घरी आल्यावर त्यांनी बिबीजानला सगळं सांगितलं. शेवंतीची साक्ष त्यांच्याखेरीज कुणी समितीपुढे मांडणार नाही, ते गप्प बसले तर रिजवानचं नाव स्वच्छ राहील आणि तात्याबा तुरुंगात जातील, हेही सांगितलं.  बिबीजाननं कपाट उघडून गोधडी बाहेर काढली आणि विचारलं की ही ज्या घरातली आहे, ते हेच घर का. मामा हो म्हणाले. ती म्हणाली, मग तुम्हाला काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, मला कशाला विचारता.

६

बुधवारी मामा पुन्हा वडगाव रासाईला गेले. या वेळी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, स्वतःच सांगायला बसले. दिवे विमान पडल्यावर लागले. डीपी जळालेली असल्यामुळं ते गावठाणाच्या तारेवर आकडा टाकून लागले. आकड्याचा बांबू नकुशीनं धरला होता, कारण भाजला आहे तो तिचा तळहात. पप्पू गेल्या वर्षी आकड्याच्या केसमध्ये सापडला होता, हे हनुमंतांकडून कळलं होतं; दुसऱ्यांदा सापडला असता तर सुटका नव्हती. म्हणून तिघांनी मिळून दिवे लागलेच नाहीत असं ठरवलं, आणि जोडणीवरून आकडा उघड होऊ नये म्हणून पेटी लपवली.

"आकड्याच्या भीतीनं तुम्ही ब्याण्णव माणसांचा आळ डोक्यावर घेतलाय, तात्याबा," मामा म्हणाले. "पेटी काढा. ती तुमच्या बाजूची साक्षीदार आहे."

पप्पू उठला आणि कडब्याच्या गंजीत हात घालून पेटी घेऊन आला. मामांनी झाकण उघडलं. टायमर बंदच्या खुणेवर होता, त्याच्यावर महिनाभराची धूळ होती. टायमर सोडून वायर थेट पुढे जोडलेली होती, आणि तिचं वेष्टण दातांनी सोललेलं होतं. रोज रात्री दिवे लावणारा माणूस वायर दातांनी सोलत नाही. लपवलेली वस्तूच या घराला सोडवणारी होती.

"काय करनार मामा," पप्पू म्हणाला. "अंधार व्हता. मान्सं वरडत व्हती, आन् कुठनं वरडत्यात त्येच दिसंना. हिनं म्हनलं दिवं लाव. लावलं."

नकुशी पदराशी चाळा करत उभी होती. मामांनी हनुमंतांकडून आपल्या मोबाइलवर घेतलेला गोधडीचा फोटो तिच्यापुढे धरला आणि हा माणूस कोण होता ठाऊक आहे का, असं विचारलं.

"पायलट व्हते," ती म्हणाली. "पुढचा भाग शेवंतीत येऊन पडला व्हता. दिवं लागलं तवा पयले त्येच दिसले. जित्ते व्हते. पानी मागितलं."

"दुसरं काय बोलला का?"

"न्हाई. डोकं मांडीवर घेतलं व्हतं म्या. दिव्याकडं बघत व्हते."

मामांनी तिचे हात हातात घेतले, भाजलेला तळहात सांभाळून, आणि बराच वेळ सोडले नाहीत. तात्याबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

७

गुरुवारी शिरूरच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. दीक्षाबाईंनी मामांसाठी पुढची खुर्ची राखली होती. त्यांना वाटत होतं, बाप मुलासाठी बोलणार.

पप्पूनं आधी उभं राहून आकड्याचा गुन्हा कबूल केला. मग मामा उठले. त्यांनी टेबलावर पेटी ठेवली, हनुमंतांचा फोटो ठेवला, शेवंतीची एक फांदी ठेवली आणि पाटसच्या हिशेबाचा कागद ठेवला. एकेक गोष्ट त्यांनी नोकरीत मांडत तशीच मांडली, आवाज न चढवता. हनुमंतांनी दाराची आणि बांधाची गोष्ट पुन्हा सांगितली. समितीच्या अध्यक्षांनी फांदी उलटीसुलटी करून बघितली, तात्याबांना दोन प्रश्न विचारले, आणि कृषी खात्याच्या माणसानं मान डोलावल्यावर पेन खाली ठेवलं. तात्याबांवरचा आरोप तिथंच संपला होता, ते सगळ्यांना दिसत होतं.

"मग मुलाणीसाहेब," अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या मते चूक कुणाची?"

दीक्षाबाईंनी मान खाली घातली. मामा सरळ उभे राहिले. चौकशीच्या कागदावर आधी नाव, मग हुद्दा, मग चूक लिहायची, ही त्यांची जुनी सवय होती.

"रिजवान अकबर मुलाणी, कॅप्टन," ते म्हणाले. "दुसऱ्याचे दिवे आपले समजला. दिसेनासं झाल्यावर सोबत्यानं विचारलं, तरी वर गेला नाही. चूक त्याची. तो माझा मुलगा होता आणि हुशार वैमानिक होता, हेही लिहून घ्या."

लिहिणाऱ्यानं दोन्ही लिहून घेतलं. मामांनी सही केली. 

बाहेर व्हरांड्यात बिबीजान गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. नकुशी समोर येऊन उभी राहिली आणि मग खाली बसली. बिबीजाननं गोधडी तिच्या हातात दिली. नकुशीनं तिची घडी मोडली नाही, ती परत बिबीजानच्या मांडीवर ठेवली. दोघींच्या मध्ये ती तशीच राहिली.

"पाणी दिलं होतंस ना?" बिबीजाननं विचारलं. "प्यायला का तो?"

"प्याले," नकुशी म्हणाली. "दोन घोट."